आउटर कॅसेट्सवाला इसहाक

शिरूरच्या बाजारात कांद्याच्या ओळीच्या टोकाला जयसिंग कॅसेटवाल्याची छत्री होती. तिच्याखालून एक गाणं येत होतं, आणि इसहाक रणपिसे पिशवी हातात तशीच धरून उभा राहिला होता. गाणं त्याचंच होतं. ताल त्यानं बसवलेला, आवाज निमोण्याच्या संपत टकलेचा. पण ती कॅसेट अजून बाजारात आलेलीच नव्हती. पुण्यात तिच्या प्रती निघत होत्या आणि लॉट हातात यायला अजून बारा दिवस होते.

"ही कुठली हो?" त्यानं विचारलं.

"नवी हाय. धनगरी डान्स. घ्या, वरातीला लई चालती."

"कुणाची आहे?"

"कुणाची म्हंजी? घेतली की तुमची."

"जयसिंगभाऊ, वर बघून बोला."

जयसिंगनं वर पाहिलं, ओळखलं, आणि पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "इसाकभाऊ व्हय! मला वाटलं गिऱ्हाईक."

"कुणी दिली तुम्हाला ही?"

"मालाचं गाव इचारावं, आईबाप इचारू न्हाई."

"मग गाव सांगा."

"त्ये बी इसरलो बघा."

ही १९९९ च्या लग्नसराईच्या तोंडावरची गोष्ट. वरातीच्या कॅसेटचं आयुष्य एका लग्नसराईपुरतं असतं. टेम्पोवर मोठे स्पीकर बांधून वराती वाजवणारे लोक हंगामाच्या सुरुवातीला कॅसेट घेतात, आणि जी आधी हाताला लागते तीच घेतात. मागून अस्सल आली काय आणि नकली आली काय, त्यांना सारखंच. आणखी दोन वर्षं असं झालं असतं तर इसहाकची कंपनी बुडाली असती. कंपनी म्हणजे काय, दौंडच्या आउटर सिग्नलजवळची पत्र्याची एक खोली. त्या सिग्नलवरूनच तिचं नाव पडलं, आउटर कॅसेट्स.

इसहाक मूळचा शिरूरच्या मिशन कंपाउंडातला. लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. पुढं दौंडला स्टेशनसमोर रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. बायको हन्ना बालवाडीत शिकवायची. तिचं अक्षर इतकं सुंदर की चर्चच्या मंडळीतल्या सगळ्या लग्नपत्रिकांवर नावं तिच्याच हातची असायची.

१९९४ साली मिशनमध्ये आलेल्या कुणा परदेशी पाहुण्यानं टेप दुरुस्तीला टाकला आणि न्यायला तो परत आलाच नाही. आत एक कॅसेट अडकली होती. इसहाकनं ती चिमट्यानं सोडवली, फीत सरळ केली आणि लावली. ढोलासारखा एक ठोका, आणि त्यावर एक माणूस न थांबता बोलतोय.

"हा गात नाहीये," हन्ना म्हणाली. "हा भांडतोय."

"भांडतोय खरा. पण ताल सोडत नाही बघ."

त्याच आठवड्यात संपत टकले रेडिओ घेऊन दुकानात आला. घरची मेंढरं वडिलांनीच विकून टाकली होती आणि हा आता उसाला पाणी धरत होता. पण ओव्या तोंडात होत्या. रेडिओ दुरुस्त होईस्तोवर बाकड्यावर बसून तो मांडीवर ठेका धरत स्वतःशीच बडबडत होता. इसहाकनं सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता जे म्हणालास ते. हळू नको. तसंच, पळत."

संपतनं एकदा इकडंतिकडं बघितलं आणि सुटला:

"माझी मेंढरं पाचशे, नाव न्हाई येकीला,
पर हाक दिली की वळत्यात, इचारा माझ्या काकीला!
तुझी गाडी वीस डब्यांची, शिट्टी मारती लांब,
लाल दिवा दिसला की म्हंती, मायबापा थांब!"

आउटर कॅसेट्सची सुरुवात ही एवढीच. एक जुनं चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन, एक रिदम मशीन, एक कीबोर्ड, भिंतींना गोणपाट. आणि दाराच्या आतल्या अंगाला चिकटवलेलं रेल्वेचं टाइमटेबल, कारण गाडी आली की पत्रा थरथरायचा आणि रेकॉर्डिंग मातीत जायचं. सगळं काम दोन गाड्यांच्या मध्ये. संपतला टाइमटेबल ओव्यांसारखं पाठ झालं होतं. एखादी मालगाडी अवेळी आली की तो माइकपुढूनच तिला शिव्या घालायचा, आणि त्या शिव्याही तालात असायच्या.

दोन गाड्यांमधली सर्वात मोठी फट रविवारी दुपारी मिळायची, अडीच तासांची. त्यामुळं रविवारी उपासनेचा शेवटचा आशीर्वाद झाला रे झाला की इसहाक ऑर्गनचं झाकण लावायचा आणि सायकलवर टांग टाकायचा. लोक बाहेर ओट्यावर गप्पा मारत थांबायचे, महिन्याच्या शेवटी अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव व्हायचा, लेकरं खेळायची. यातलं त्यानं पाच-सहा वर्षांत काही पाहिलं नव्हतं.

तर चोरी. शिरूरहून येताना एसटीत त्यानं ठरवूनच टाकलं होतं की चोर पुण्याचा. प्रती काढणाऱ्यानंच एक बाहेर दिली असणार. पण घरी येऊन जयसिंगकडून घेतलेली कॅसेट त्यानं लावली, आणि तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक शिट्टी ऐकू आली. मालगाडीची. अगदी बारीक, संपतच्या "हुर्रर्र"च्या मागं.

"हन्ना, इकडं ये. ही शिट्टी ऐक."

"ऐकली. मग?"

"ही पुण्याला गेलेल्या कॅसेटमध्ये नाही. शिट्टी आली म्हणून आम्ही ते गाणं परत केलं होतं. ही फक्त सॅम्पलमध्ये आहे."

पुण्याला पाठवण्याआधी इसहाक घरीच तीन सॅम्पल काढायचा. एक स्वतःला, एक संपतला, आणि एक केंदूरच्या ज्ञानदेवला. ज्ञानदेवचा स्पीकरचा टेम्पो होता, मोठ्या आवाजात गाणं कसं वाजतं ते तो सांगायचा. तेव्हा चोर या तिघांतला. त्यातला एक आपण. उरले दोन.

हन्नानं शिट्टी पुन्हा ऐकली नाही. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या वर्षी ज्ञानदेवला सॅम्पल गेलं नाही. तो फोनवर फोन करत राहिला, "इसाकभाऊ, माझं काय चुकलं?" इसहाक म्हणायचा, "काही नाही हो, मशीन बिघडलंय." आणि त्या वर्षीही, लॉट यायच्या नऊ दिवस आधी, जयसिंगच्या छत्रीखाली कॅसेट वाजली.

आता एकच उरला.

ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याचं सगळंच संशयाचं दिसायला लागतं. संपतनं नवा ढोल घेतला, कुठून घेतला? संपत शिरूरला जातो, कशाला जातो? पूर्वी गाण्याचे शब्द आधी वाचून दाखवायचा, आता थेट माइकपुढंच म्हणतो, ते का? इसहाक रेकॉर्डिंग करताना काचेतून त्याच्या गाण्याकडं लक्ष द्यायचं सोडून त्याच्या खिशाकडं बघायला लागला. संपतलाही ते कळत होतं.

"काय बघतोस रं?"

"काही नाही. लेव्हल बघतोय."

"लेव्हल काय माझ्या खिशात हाय?"

फुटलं ते पाटसला. गळीत हंगाम चालू होता, हायवेला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर टेम्पोवाले जमायचे आणि कुणाच्या वरातीत काय वाजलं याच्या गप्पा चालायच्या. संपत तिथं बाकड्यावर बसला होता. इसहाक बसमधून उतरला तो थेट त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"यंदा दोनच सॅम्पल होती. एक माझं, माझ्या कपाटात. दुसरं कुणाचं?"

"माझं."

"कुठाय ते?"

"हाय."

"दाखव."

"दाखवाया येत न्हाई."

"का येत नाही?"

संपतनं बशीतला चहा परत कपात ओतला. असं कुणी करत नाही. "बिरोबापुढं हाय," तो म्हणाला. "पयल्यापास्नं सगळी तिथंच हायती. आमच्यात पयलं दूध, पयली लोकर, पयलं काय बी असंल त्ये देवाला. येकदा ठिवलं की परत उचलत न्हाईत."

इसहाक हसला. "बिरोबा कॅसेट ऐकतो?"

"तुझा द्येव तुझा ऑर्गन आयकतो नव्हं? मग आमच्याच देवाला कान न्हाईत व्हय?"

टपरीवर हशा पिकला. टेम्पोवाल्यांचा तो हशा इसहाकला लागला. तो संपतला उद्देशून नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

"कॉपी काढून विकायची आणि मग देवापुढं ठेवायची. चांगलं आहे. चोर आहेस तू, संपत."

हशा थांबला. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"पुरावा हाय का वो?" एका टेम्पोवाल्यानं विचारलं.

"मिळेल."

संपत उठला. चहाचे पैसे बशीखाली ठेवले, टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला. "चारचौघात बोललास," एवढंच म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. मधे उसाचा ट्रॅक्टर आला. तो जाईपर्यंत संपत दिसेनासा झाला होता.

पण एक कॅसेट संपतच्या आवाजात आधीच भरून झाली होती. २००१ ची. इसहाकनं तिचाच सापळा केला. दुसऱ्या गाण्यात ठोका थांबतो तिथं त्यानं टाळी टाकली. संपतच्या सॅम्पलमध्ये एक टाळी. स्वतःच्या सॅम्पलमध्ये दोन. स्वतःच्यात टाकायची गरज नव्हती, पण रेडिओवाल्याचा हात, वायर तपासायची तर दोन्ही टोकं तपासायची. संपतचं सॅम्पल एसटीच्या कंडक्टरबरोबर निमोण्याला धाडलं. परत आलं नाही, म्हणजे घेतलं.

तीन आठवड्यांनी तो शिरूरच्या बाजारात गेला. जयसिंग आता त्याला बघून लपत नव्हता, उलट स्टूल पुढं करायचा.

"बसा इसाकभाऊ. तुमचीच वाजतीय."

"दुसरं गाणं लावा."

"पयलं संपू द्या की. लोकं आयकत्यात."

"दुसरं लावा म्हणतो ना!"

जयसिंगनं फीत पुढं पळवली. इसहाक छत्रीच्या दांड्याला धरून उभा. ठोका थांबला. टाळी पडली, एक. त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं.

मग दुसरी टाळी पडली.

"परत लावा," तो म्हणाला.

परत लावलं. दोनच. शेजारच्या कांदेवाल्या बाईनंसुद्धा मान वर केली. "काय झालं वो बाबा? जागेवरच उभं ऱ्हायलासा."

शिरूर ते दौंड तो बसमध्ये उभ्यानं आला, बसायला जागा असून. आपलं सॅम्पल. आपलं कपाट. कपाटाची किल्ली खिळ्याला. घरात माणसं दोनच.

पुढचे चार दिवस त्यानं हन्नाकडं जसं पाहिलं, तसं लग्नाआधी पाहायला गेला होता तेव्हाही पाहिलं नव्हतं. ती पदर कुठं खोचते, पर्स कुठं ठेवते, कुणाशी बोलते. बालवाडीतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की कुठं झाला. ती त्याच्यासमोर बसून कॅसेटांवर गाण्यांची नावं लिहायची आणि तो त्या सुंदर अक्षराकडं बघत बसायचा, जसं काही त्यातच काही लपवलेलं आहे.

"अहो, काय झालंय तुम्हाला?"

"कुठं काय?"

"चार दिवस माझ्याकडं गिऱ्हाइकाच्या टेपसारखं बघताय. उघडून बघू का नको, असं."

तो उठून वायरी गुंडाळायला लागला. शनिवारी एक जुनंच गाणं नव्या कॅसेटवर उतरवलं आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "हे पुढच्याचं पहिलं सॅम्पल. कपाटात ठेवतोय." आणि दुकानात गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा कॅसेट जागेवर होती, पण कॅसेटवरून कॅसेट उतरवायच्या डबल डेकवर हात ठेवला तर तो कोमट लागला.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा शेवटचा रविवार. आशीर्वाद झाला. इसहाकनं ऑर्गनचं झाकण लावलं, पण सायकलकडं गेला नाही. खांबाआड उभा राहिला.

ओट्यावर लिलाव सुरू झाला. उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची अर्पणं, कुणी शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या, कुणी अंडी, कुणी लोणच्याची बरणी. लिलाव पुकारायला एबनेझरमामा, रेल्वेतले निवृत्त गार्ड. आवाज अजून प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"हा कोंबडा! सोजराबाईंकडून! पहाटे चारला उठवतो, घड्याळाचा खर्च वाचवतो! बोला!"

"मामा, त्यो चारला उठवतो म्हणूनच सोजराबाई देतीय!"

"तुझ्या घरी ने मग, तुला उपासनेला उशीर होतो!"

सगळे हसले. कोंबडा गेला. मग मामांनी रुमालात बांधलेली एक छोटी चौकोनी पुडी उचलली.

"भगिनी हन्ना रणपिसेंकडून. नेहमीप्रमाणे बंद पुडी. उघडायची नाही, विचारायचं नाही. बोला!"

पहिली बोली मामांनी स्वतःच केली. मग मागून, फाटकाजवळून आवाज आला. पानाचा तोबरा भरलेला आवाज. इसहाकनं मान वळवली. जयसिंग, इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून उभा. तो बोली वाढवत गेला तसा मंडळीचा आनंद वाढत गेला. "बघा, परधर्मातला माणूस, पण मन केवढं!" कुणीतरी म्हणालं. पुडी जयसिंगला गेली. मामांनी ती दोन्ही हातांनी दिली.

इसहाक खांबाआडून बाहेर आला तो थेट जयसिंगच्या पुढ्यात.

"सोडा ती गाठ."

"इसाकभाऊ, मी चोरलेली न्हाई," जयसिंग शांतपणे म्हणाला. "देवाच्या दारात घेतली. पाच-पंचवीस माणसांदेखत, बोली लावून. दोन-तीन वर्सांमागं कोंबडा घ्यायाला आलो, पुडी बी घेतली, तवापास्नं चुकवत न्हाई. इचारा मामांना."

"सोडा म्हणतो!"

मामा पुढं आले. "इसहाक, देवाच्या अर्पणावर आवाज चढवायचा नाही."

आणि तेवढ्यात हन्नानं गाठ स्वतः सोडली. रुमालात कॅसेट. वर तिच्याच अक्षरात लिहिलेलं, पहिलं फळ.

"दर कॅसेटीला?" इसहाकनं विचारलं.

"पहिल्या कॅसेटीपासून. तुम्ही सॅम्पल कपाटात ठेवून दुकानात जायचात, मी त्याच्यावरून एक काढायचे. पहिलं येतं ते देवाचं. माझ्या आईनं पहिली कैरीसुद्धा कधी घरात शिजवली नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"वरातीत नाचायची कॅसेट अर्पणात देते म्हटल्यावर तुम्ही हसला असतात. पाळकसाहेब रागावले असते. म्हणून रुमाल."

"आणि ती जाते कुठं, ते?"

"देवाला दिलेलं कुठं जातं हे विचारतात का?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं जयसिंगकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या रुमालाकडं पाहिलं. "शिट्टी," ती म्हणाली. "ती शिट्टी तुम्ही मला ऐकवली होती."

"तेव्हा कळलं नाही?"

"थोडं वाटलं होतं. पण वाटलं, मामा घेतात नेहमी. पुडी ठेवून मी लेकरांकडं जायचे, बोली कोण लावतं ते बघतच नव्हते. मामा ऐकत पण नाहीत."

एबनेझरमामांनी घसा साफ केला. पहिली चार वर्षं पुड्या त्यांनीच घेतल्या होत्या. अजून बांधलेल्याच होत्या, ट्रंकेत. "मला वाटायचं वड्या असतील," ते म्हणाले. "मला साखर चालत नाही."

कुणी हसलं नाही. हन्ना नवऱ्याकडं बघत होती. "म्हणजे संपतभाऊजी..." ती म्हणाली.

ठरवलं तिनंच. पुढची कॅसेट ज्ञानदेवच्या ओळखीच्या एका गायकाची निघाली, पण बाजू एक चालू केली की आधी ताल नाही, बाईचा आवाज. गोणपाटाच्या भिंतींपुढं उभी राहून, मुलांना बालवाडीत गोष्ट सांगावी तशी हन्ना बोलली होती: "मी हन्ना रणपिसे, दौंड. निमोण्याच्या संपत टकलेंनी आमची कॅसेट चोरली असं आमच्या घरातून बोललं गेलं. ते खोटं आहे. कॅसेट माझ्या हातानं बाहेर गेली. त्यांची मी माफी मागते." मंडळीत कुजबुज झाली. पाळकसाहेब महिनाभर तिच्याशी तुटक बोलत होते. आणि त्या लग्नसराईत वरातीवाल्यांनी नवरदेव घोड्यावर बसवून कॅसेट लावली की करवल्या हात वर करून थबकायच्या. आधी माफी, मग नाच.

संपत आला नाही.

महिनाभर वाट पाहून इसहाक निमोण्याला गेला. संपतचे वडील तात्याबा बिरोबाच्या ठाण्याशी बसले होते. त्यांनी "या" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. ठाण्यापुढं भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या कॅसेटांची रांग होती. इसहाकनं मोजल्या नाहीत. सॅम्पलला तो गुंडाळायचा ते रबरबँड एकीचंही काढलेलं नव्हतं एवढं दिसलं.

संपत घरामागून आला, हात चिखलानं भरलेले.

"हन्नाचं ऐकलंस?" इसहाकनं विचारलं.

"आयकलं. लोकं आयकत्यात, मी बी आयकलं. वहिनींनी माझं काय वाकडं केलं व्हतं?"

"काही नाही."

"मग त्यांनी का माफी मागितली?"

इसहाकनं ठाण्यापुढच्या कॅसेटांकडं पाहिलं.

"चोर कुणी म्हटलं?"

"मी."

"कुठं?"

"पाटसला."

"मी उद्या पाटसलाच हाय," संपत म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसहाक पाटसच्या स्टँडवर उतरला. तीच टपरी. चार टेम्पोवाले, दोन ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीच्या टोळीचा एक मुकादम. संपत कोपऱ्यातल्या बाकड्यावर, पाठमोरा. इसहाकनं ओळखीच्या एकाही चेहऱ्याकडं पाहिलं नाही. मधोमध उभा राहिला, प्रार्थनेला उभा राहावं तसा, दोन्ही हात समोर.

"मी इसहाक रणपिसे. मागं इथं मी संपत टकलेला चोर म्हणालो. तो चोर नाही. मी तपास न करता बोललो. मला क्षमा करा."

"कंचा संपत?" मुकादमानं विचारलं.

"आरं त्यो न्हाई का, वव्यावाला," एक टेम्पोवाला म्हणाला. "ह्यांची जुंपली व्हती बग हितं. म्या इसरलो व्हतो. ह्यांनीच परत काढली."

"मग चोरी कुणी क्येली?"

"कुणीच नाही," इसहाक म्हणाला.

"ह्ये बरंय! चोरी झाली आन् चोर न्हाई!"

"आवो, कळत न्हाई व्हय तुमास्नी?" दुसरा टेम्पोवाला डोळा मिचकावत म्हणाला. "कॅसेट खपवायची तऱ्हा हाय ही. आधी बाईला बोलाया लावली, आता बुवा सवता. पुढच्या खेपंला दोघं हितंच नाचतील बगा."

हसू पसरलं. इसहाक तसाच उभा. खरं बोललेलं कुणी खरं धरत नाही तेव्हा काय बोलायचं, ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"त्यो खोटं बोलत न्हाई," पाठमोरा संपत म्हणाला. हसणारे थांबले. तो वळला. "सात वर्सं हाय त्याच्यासंगं. येकदाच खोटं बोलला, आन् त्ये माझ्यावर. आता कुणाला कायबी इचारायचं असंल तर मला इचारा."

चहावाल्यानं न सांगता दोन चहा ओतले. इसहाक बाकड्यावर बसला, मधे हातभर जागा सोडून.

"नव्या वव्या हायत," संपत समोरच्या ट्रॅक्टरांकडं बघत म्हणाला. "पर शब्द आधी दावणार न्हाई. थेट माइकम्होरं."

"का?"

"भरवसा बसाया येळ लागंल."

"किती?"

संपतनं मनातल्या मनात हिशेब केला. "तीन-चार कॅसेटी."

वरातींत सीडी शिरल्या, आउटर कॅसेट्सच्या त्यानंतर दोनच निघाल्या.